रामन इफेक्टच्या आधीचे रामन

दरवर्षी २८ फेब्रुवारी जवळ आला की नोटीस बोर्डावर तोच फोटो लागतो. डोक्याला फेटा, करारी नजर आणि खाली 'राष्ट्रीय विज्ञान दिन'. १९८७ पासून हा दिवस आपण साजरा करतो. क्विझमध्ये विचारलं तर फर्स्ट इयरचा मुलगाही सांगेल : रामन इफेक्ट १९२८, नोबेल १९३०. पण मित्रांनो, १९२८ च्या त्या दिवशी रामन एकोणचाळीस वर्षांचे होते. त्याआधीची वीस वर्षं हा माणूस काय करत होता, असं विचारा, सगळे एकमेकांकडे बघतील.

तर या वीस वर्षांतला बराचसा काळ ते तारा छेडत होते. ट्यूनिंग फोर्कला बांधलेल्या तारा, व्हायोलिनच्या तारा, तंबोऱ्याच्या तारा. प्रकाशावरचं कामही बाजूला चालू असायचंच, पण त्यांचं नाव परदेशात आधी झालं ते कंपनांमुळे. आणि गंमत म्हणजे आपल्या व्हायब्रेशन लॅबमध्ये शेकर, अ‍ॅक्सेलरोमीटर आणि एफएफटी अ‍ॅनालायझर घेऊन आपण जे शोधतो, म्हणजे स्ट्रक्चर लिनियर वागतंय की नाही, तेच ते शोधत होते. तेही कॉम्प्युटर नसताना.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांना व्हायोलिनचा नाद होता. पुढे त्यांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागली आणि रामन यांचं बालपण तिथे गेलं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये ते बी. ए. ला पहिले आले. १९०६ मध्ये, एम. ए. करत असतानाच, प्रकाशाच्या विवर्तनावरचा त्यांचा पेपर लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. तेव्हा त्यांचं वय अठरा. आपण या वयात सीईटीचे फॉर्म भरत असतो, असो.

इंग्लंडला शिकायला जायचं तर मेडिकलमध्ये डॉक्टरांनी नापास केलं. तिथली हवा या किडकिडीत मुलाला मानवणार नाही असा निर्वाळा मिळाला. मग उरलं सरकारी नोकरीचं दार. अर्थखात्याच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १९०७ मध्ये, अठराव्या वर्षी, कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. त्या वीणा वाजवत. म्हणजे आधी वडिलांचं व्हायोलिन आणि आता बायकोची वीणा. हेल्महोल्ट्झ यांचा ध्वनिसंवेदनांवरचा जाडजूड ग्रंथ त्यांनी कॉलेजात असतानाच वाचून पचवला होता आणि त्याचा आपल्यावर फार परिणाम झाला असं ते आयुष्यभर मानत.

कलकत्त्यात ट्रामने जाता-येता त्यांना बहुबाजार स्ट्रीटवर २१० नंबरच्या इमारतीवर एक पाटी दिसली : इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये मोठ्या हौसेने काढलेली ही संस्था. डॉक्टर १९०४ मध्ये गेले आणि संस्था जवळपास रिकामी पडली. लॅब आहे, उपकरणं आहेत, काम करणारं कुणी नाही. डॉक्टरांचे चिरंजीव अमृतलाल यांनी या तरुण अधिकाऱ्याला आनंदाने किल्ल्या दिल्या. मग दिनक्रम ठरून गेला. पहाटे लॅब, घरी येऊन जेवण, दिवसभर ऑफिसात हिशेब, संध्याकाळी पुन्हा लॅब ते रात्री उशिरापर्यंत. आशुतोष डे नावाचे तिथले मदतनीस, सगळे त्यांना आशुबाबू म्हणत, रामन यांचे उजवे हात झाले. आशुबाबूंनी विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती, पण पुढे कित्येक पेपरांवर त्यांचं नाव आलं.

आता जरा थिअरी. कंटाळू नका, यापुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. लिनियर स्ट्रक्चर मोठं सरळमार्गी असतं. ५० हर्ट्झने हलवलं, तर सुरुवातीची खळखळ ओसरल्यावर ते ५० हर्ट्झनेच हलतं. जोर दुप्पट केला की हालचाल दुप्पट. दोन जोर एकदम लावले तर दोघांची उत्तरं नुसती बेरजेला घ्यायची. यातलं काहीही मोडलं, विशेषतः आपण न घातलेली फ्रिक्वेन्सी बाहेर आली, की समजायचं आत काहीतरी वेगळं चाललंय. बोल्ट ढिला असेल, बीमला उघडझाप करणारी भेग असेल, गिअरमध्ये बॅकलॅश असेल किंवा कंपनासोबत ताण स्वतःच बदलत असेल. आजचं निम्मं कंडिशन मॉनिटरिंग या न घातलेल्या फ्रिक्वेन्सीच्या मागावर असतं.

रामन यांनी सुरुवात केली ती मेल्डेच्या प्रयोगापासून. तोच तो आपण बारावीच्या प्रॅक्टिकलला केलेला. फोर्कला दोरा बांधायचा, दुसऱ्या टोकाला वजन, आणि लूप मोजायचे. फोर्क दोऱ्याच्या लांबीच्या दिशेने हलत असेल तर दोरा फोर्कच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीने हलतो, हे जर्नलमध्ये आपण लिहितो. का, ते लिहीत नाही. तर, फोर्क इथे दोऱ्याला आडवा ढकलतच नाही, तो फक्त ताण कमी-जास्त करतो. झोपाळ्यावर उभं राहून एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा उठबस केली की झोका चढतो ना, तसंच. लॉर्ड रॅले यांनी हे आधीच समजावलं होतं. रामन यांनी विचारलं की निम्मीच का? फोर्क १०० हर्ट्झचा असेल तर दोरा ५० ला लावल्यावर चढतोच, पण ताण वाढवत नेला तर १०० ला, १५० ला, २०० लाही चढतो का? त्यांनी करून पाहिलं आणि चढतो असं दिसलं. हा नव्या जातीचा फोर्स्ड व्हायब्रेशन म्हणून त्यांनी १९०९-१० मध्ये 'नेचर'ला कळवला. पुढे १९१५ मध्ये दोन वेगवेगळे फोर्क एकाच तारेला लावून, दोघांच्या फ्रिक्वेन्सींच्या बेरीज-वजाबाक्यांच्या निमपटीवर तार कशी चढते, हेही दाखवलं. आज याला आपण पॅरामेट्रिक आणि कॉम्बिनेशन रेझोनन्स म्हणतो. काटेकोर बोलायचं तर समीकरण इथे लिनियरच असू शकतं, फक्त त्यातला एक सहगुणक काळाबरोबर बदलतो. पण तेवढ्यावर सोडलं तर ॲम्प्लिट्यूड अनंतापर्यंत वाढत जायला हवं. प्रत्यक्षात तार एका ठिकाणी थांबते, कारण जास्त हलली की ताणली जाते आणि तिची फ्रिक्वेन्सीच सरकते. ते थांबवणं हे नॉनलिनियरिटीचं काम.

या काळात नोकरी काही त्यांना एका जागी बसू देत नव्हती. १९०९ मध्ये रंगूनला बदली, १९१० मध्ये नागपूरला, १९११ मध्ये पुन्हा कलकत्त्याला. बदलीच्या गावी घर हीच लॅब. नागपूरकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.

सिग्नल पकडायचे कसे, हा खरा प्रश्न होता. अ‍ॅक्सेलरोमीटर नाही, ऑसिलोस्कोप नाही. तारेच्या एका बिंदूसमोर बारीक फट ठेवायची, मागून प्रखर प्रकाश सोडायचा आणि त्या बिंदूची सावली सरकत्या फोटोग्राफिक प्लेटवर पाडायची. प्लेट धुतली की कागदावर काढल्यासारखा ग्राफ तयार. आडवा काळ, उभं विस्थापन. सॅम्पलिंग, एडीसी, स्टोरेज, जे म्हणाल ते त्या काचेत. मग त्या रेषेची फूरिये फोड हाताने करायची. एम-थ्रीच्या पेपरात फूरिये सिरीजचे चार सहगुणक काढताना आपली काय अवस्था होते ते आठवा. कूली आणि टुकी यांचा एफएफटी आला १९६५ मध्ये, तेव्हा रामन सत्त्याहत्तरीला पोचलेले होते.

या पद्धतीचं सोनं झालं ते वुल्फ नोटच्या प्रश्नात. चेलो वाजवणाऱ्यांना हे दुखणं जुनंच. वाद्याच्या एका ठराविक स्वरावर गज कितीही जपून फिरवा, स्वर टिकत नाही. घोगरा, थरथरता, लांडगा गुरगुरल्यासारखा आवाज येतो, म्हणून ते नाव. तो स्वर म्हणजे वाद्याच्या लाकडी अंगाचा रेझोनन्स, एवढं माहीत होतं. थरथर कशाची? १९१५ च्या सुमारास पुढे आलेलं एक स्पष्टीकरण असं की हे बीट्स आहेत. दोन जवळच्या फ्रिक्वेन्सी एकत्र आल्या की होतात तसे.

रामन यांनी १९१६ मध्ये वेगळं चित्र मांडलं. गजाने तार चिकटून ओढली जाते, सुटते, पुन्हा चिकटते. ही चिकट-सूट चालू राहायची तर गजाचा दाब एका किमान मर्यादेपेक्षा जास्त हवा. रेझोनन्सच्या स्वरावर वाद्याचं अंग जोरात हलू लागतं, तारेची ऊर्जा खातं आणि ही किमान मर्यादा वर वर सरकते. एका क्षणी ती हातातल्या दाबाच्या पलीकडे जाते. मग तार मूळ स्वर सोडून वरच्या सप्तकातल्या स्वरावर, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकवर उडी मारते. अंगाला आता खुराक मिळत नाही, ते शांत होतं. शांत झालं की मर्यादा खाली येते आणि तार पुन्हा मूळ स्वरावर. पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला कित्येकदा हा फेरा चालतो, तीच ती गुरगुर. त्यांनी तारेचं आणि वाद्याच्या अंगाचं कंपन एकाच वेळी टिपलं आणि दोन रेषांत ही अदलाबदल दिसली. अंगाची हालचाल वाढते तसा तारेच्या रेषेचा आकार बदलत जातो.

इथे सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांनी जरा थांबावं असं मला वाटतं. समजा ही नोट आपण रेकॉर्ड केली आणि पूर्ण दहा सेकंदांचा एकच एफएफटी मारला. मूळ स्वराच्या आजूबाजूला जवळजवळचे पीक दिसतील आणि आपणही बिनधास्त 'बीट्स' लिहून मोकळे होऊ. कारण ॲम्प्लिट्यूड स्पेक्ट्रममध्ये कुठली फ्रिक्वेन्सी आहे ते कळतं, ती कधी आहे ते कळत नाही. स्पेक्ट्रोग्राम काढला तर मूळ स्वर मंद होताना दुसरा हार्मोनिक उजळतो, हे डोळ्यांना दिसेल. नंतरच्या संशोधकांनी तार आणि अंग यांच्या परस्पर कपलिंगचा भाग या चित्रात जोडला, त्यामुळे बीट्सवाले अगदीच वेडे नव्हते. पण गजाचं किमान बळ आणि स्वराची उडी हा गाभा रामन यांचाच राहिला.

१९१७ मध्ये त्यांच्यासमोर निवडीचा प्रसंग आला. कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना पालित प्रोफेसर व्हायला बोलावलं. सरकारी खात्यात पुढे मोठी पदं वाट बघत होती, आणि विद्यापीठाचा पगार जवळपास निम्मा. शिवाय या पदासाठी परदेशात शिकून यायची अट होती. अट मी पाळणार नाही असं रामन यांनी कळवलं, विद्यापीठाने अट काढली आणि निम्म्या पगारावर ते खुशीने गेले. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या मोसमात हे वाचायला अंमळ जड जाईल.

१९१८ मध्ये गजाने वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा मोठा प्रबंध असोसिएशनने छापला. (त्याच वर्षी जर्मनीत गेऑर्ग डफिंग यांचं पुस्तक निघालं, ज्यांच्या समीकरणाने नॉनलिनियर व्हायब्रेशनचा प्रत्येक कोर्स सुरू होतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण योगायोग छान आहे.) तारेवरून धावणाऱ्या वेगाच्या लाटा आणि त्यांतले तुटक टप्पे मोजून तारेच्या हालचालीचे प्रकार कसे पाडायचे, हे त्यांनी त्यात मांडलं. पुढची अडचण हाताची. माणसाचा हात दोनदा सारखा दाब देत नाही. म्हणून त्यांनी यांत्रिक वादक बांधला. त्यात गज स्थिर ठेवला आणि व्हायोलिनच मागे-पुढे सरकवलं. वेग, दाब, घोडीपासूनचं अंतर, सगळं ताब्यात. १९२० मध्ये या यंत्रावरचे निष्कर्ष छापले गेले. गज घोडीजवळ नेला तर किमान दाब किती झपाट्याने वाढतो, हे आकड्यांत आलं. कंट्रोल्ड एक्सायटेशन म्हणतात ते हेच.

आता आपल्या घरची वाद्यं. साध्या गोल पडद्याचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांचं प्रमाण १, १.५९, २.१४ असं काहीतरी अवघड येतं, म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. पण तबला-मृदंगाला असतो. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये रामन यांनी दाखवलं की ही करामत मधल्या शाईची. तिच्या वजनाने पडद्याचे स्वर १, २, ३, ४, ५ अशा प्रमाणात येऊन बसतात. आश्चर्यकारक आहे, पण हे सगळं लिनियरच. वस्तुमानाची वाटणी बदलली, मोड सरकले, बस. प्रत्येक अजब गोष्टीला नॉनलिनियर म्हणायची घाई करू नये.

तंबोऱ्याची गोष्ट निराळी. थॉमस यंगच्या काळापासून नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या हार्मोनिकचा नोड येतो तो हार्मोनिक आवाजात नसणार. बरोबर मध्यावर छेडली तर सगळे सम हार्मोनिक गायब. गिटारवर करून बघा, बऱ्यापैकी पटतं. रामन यांनी तंबोऱ्यावर करून पाहिलं आणि जो स्वर नसायला हवा तोच ठणठणीत ऐकू आला. १९२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आपण न घातलेली फ्रिक्वेन्सी, शब्दशः.

कारण घोडीत आहे. व्हायोलिनची घोडी धारदार, तार एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाईची. तार हलते तेव्हा त्या गोलाईवर क्षणात लपेटली जाते, क्षणात सुटते. टेकण्याची जागा आणि म्हणून तारेची लांबी प्रत्येक आवर्तनात बदलते. त्यामुळे हार्मोनिक एकमेकांपासून अलिप्त राहत नाहीत, एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. तारेखाली सरकवलेला तो जवारीचा धागा टेकण्याची जागा साधण्यासाठीच. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात तेव्हा ते याच नॉनलिनियरिटीला कानाने ट्यून करत असतात, त्यांना समीकरण लागत नाही. आणि एकतर्फी स्पर्शाचा हाच प्रकार भेग पडलेल्या शाफ्टमध्ये असतो, सपोर्टवर आपटणाऱ्या पाइपमध्ये असतो. तंबोऱ्यात तो हवासा, टर्बाइनमध्ये नकोसा. होस्टेलवर कुणाकडे तंबोरा आणि कुणाकडे माइकवाला लॅपटॉप असेल तर एक संध्याकाळ जरूर घालवा. धागा काढून आणि धागा घालून दोन्ही स्पेक्ट्रोग्राम काढा. धागा असताना वरचे हार्मोनिक मरण्याऐवजी रेंगाळताना, एकामागून एक उजळताना दिसतील.

१९२१ मध्येच ते पहिल्यांदा इंग्लंडला गेले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या कुजबुजत्या गॅलरीत त्यांनी प्रयोग केले. परतीच्या प्रवासात समुद्राच्या निळाईने त्यांना पछाडलं आणि 'नार्कुंडा' बोट मुंबई बंदरात लागली तेव्हाच, २६ सप्टेंबरला, समुद्राच्या रंगावरचं टिपण 'नेचर'साठी तयार होतं. तिथून प्रकाशाच्या विकिरणाचं काम वाढत गेलं. के. एस. कृष्णन सोबत आले. १९२८ मध्ये पाऱ्याच्या दिव्याचा एका रंगाचा प्रकाश द्रवातून पाठवला तेव्हा स्पेक्ट्रममध्ये मूळ रेषेच्या शेजारी नव्या फिकट रेषा दिसल्या. रेणूची स्वतःची कंपनं प्रकाशाला मॉड्युलेट करतात आणि दोन्ही बाजूंना साइडबँड येतात, ईअँडटीसीच्या मुलांना एवढं पुरे. याला नॉनलिनियर म्हटलं तर भौतिकशास्त्राचे सर ओरडतील, आणि बरोबर ओरडतील, कारण या रेषांची तीव्रता येणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणातच असते. पण न घातलेली फ्रिक्वेन्सी दिसली की ती अशुद्धी म्हणून झटकायची नाही, ही नजर वीस वर्षं तारांवर तयार झाली होती असं मला वाटतं.

पुढचं माहितीतलं आहे. १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक, १९३४ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना, १९४८ मध्ये स्वतःची रामन रिसर्च इन्स्टिट्यूट, १९५४ मध्ये भारतरत्न. सगळंच काही गोड नव्हतं. १९३३ मध्ये मुंबईहून गेलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं आणि त्यांचं काम पाहून वर्षभराने अटी काढल्या. हे सांगितल्याशिवाय रामन यांचं चरित्र पूर्ण होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या आतली. १९४० च्या दशकात हिऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये अनेक तीक्ष्ण पीक मिळाले. रामन म्हणाले, तीक्ष्ण पीक म्हणजे वेगळी, ठराविक फ्रिक्वेन्सी. तेव्हा हिऱ्यातल्या अणूंची कंपनं मोजक्या आठ फ्रिक्वेन्सींचीच. मॅक्स बॉर्न यांचा सिद्धांत सांगत होता की कंपनांचे सलग पट्टे असतात आणि पट्ट्यात जिथे गर्दी होते तिथेही पीक दिसतं. याच बॉर्न यांना रामन यांनी १९३५ मध्ये बंगलोरला आणलं होतं. वाद वर्षानुवर्षं चालला. पुढे न्यूट्रॉन स्कॅटरिंगने पट्टे प्रत्यक्ष मोजले गेले आणि बॉर्न बरोबर ठरले. रामन यांनी मात्र शेवटपर्यंत माघार घेतली नाही. ज्या माणसाने बीट्ससारख्या दिसणाऱ्या थरथरीत वेगळंच काही ओळखलं, तोच इथे प्रत्येक पीकला स्वतंत्र मोड समजून बसला.

शेवटची वर्षं त्यांनी बंगलोरच्या त्या संस्थेत काढली. हिरे, खनिजं, फुलांचे रंग, डोळ्याची दृष्टी, असं काय काय चालू होतं. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच, कुठल्याही विधीशिवाय, अंत्यसंस्कार झाले, आणि त्या जागी एक झाड लावण्यात आलं.